तान्ह्या पोळ्यासाठी क्रोशाचा नंदी : दहा-दहा मिनिटांत कसा विणायचा?

रेवाची_आई (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार. पोळ्याला पाच आठवडे उरलेत. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, मुलं सजवलेले नंदी घेऊन दारोदार फिरतात. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला यंदा "जवळ घेऊन झोपता येईल असा" नंदी हवा आहे. घरात लाकडी नंदी आहे, माझ्या सासऱ्यांच्या लहानपणचा. मागच्या वर्षी त्याचं एक शिंग तुटलं. शिवाय तो कडक. तरी ती त्याला उशाशी घेते आणि सकाळी गालावर त्याच्या कानाचा वळ उठलेला असतो. म्हणून क्रोशाचा विणायला घेतलाय.

क्रोशा मला अगदीच नवा नाही. आईने शाळेत असताना साखळी, मुका खांब, खांब एवढं शिकवलं होतं. रुमालांच्या कडा केल्या आहेत, एक तोरणही केलंय. पण गोल विणून आत भरायची वस्तू पहिल्यांदाच करतेय. (याला जपानीत अमिगुरुमी म्हणतात. अमी म्हणजे विणलेलं आणि नुइगुरुमी म्हणजे आत भरलेली बाहुली.)

अडचण वेळेची आहे. राहते नागपुरात हिंगणा रोडला, नोकरी बर्डीला (सीताबर्डी), धाकटा दीड वर्षाचा. सलग अर्धा तास कधीच मिळत नाही. वासुदेवनगरहून मेट्रोत बसायला जागा मिळाली तर बर्डीपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर, रेवाच्या व्हॅनची वाट बघत गेटपाशी, किंवा धाकटा मांडीवर झोपला की, असे तुकडे मिळतात. आठ दिवसांत डोकं तीनदा विणलं आणि तीनदा उसवलं. मध्येच उठावं लागतं आणि परत बसले की फेरी कुठे सुरू झाली होती तेच कळत नाही. काल खुणेला लावलेली सेफ्टी पिन धाकट्याने ओढून काढली. पिन बंद होती, देवाची कृपा. पण सुईवरचा टाकाही सुटला आणि अडीच फेऱ्या गेल्या.

तुकड्यातुकड्यांत विणणाऱ्यांनी सांगा, जागा कशी लक्षात ठेवता? दुसरं असं की मला सापडलेले सगळे पॅटर्न परदेशी गाईंचे आहेत. त्यांना वशिंडच नाही. ते कसं करायचं? आणि आत भरायचं काय?

लोकरगुंडी (सोमवार, रात्री ११:५८)

रेवाची_आई, सर्वात आधी ती सेफ्टी पिन घरातून हद्दपार करा. दीड वर्षाचं मूल असलेल्या घरात खुणेला पिन नकोच. त्याऐवजी वेगळ्या रंगाचा हातभर दोरा घ्या. फेरीचा पहिला टाका घालायच्या आधी तो दोरा सुईच्या पुढून मागे टाका, पुढच्या फेरीला मागून पुढे. दोरा कामाबरोबर वर चढत जातो. एक टोक ओढलं तरी बाकीचा विणीत अडकलेला राहतो, आणि किती फेऱ्या झाल्या तेही त्याच्यावरून मोजता येतं. तुकडा पूर्ण झाला की सर्रकन ओढून काढायचा.

ही खुणेची रेघ सरळ वर जात नाही, हळूहळू उजवीकडे कलते. चुकलं म्हणून घाबरू नका. गोल-गोल मुके खांब घातले की टाके असेच सरकतात. म्हणून "मागच्या फेरीत वाढ (एकाच टाक्यात दोन टाके) इथे होती, म्हणजे आताही इथेच" असा डोळ्यांनी अंदाज करायचा नाही, दोऱ्यापासून मोजायचं.

उठायची वेळ आली तर शक्यतो फेरी पूर्ण करूनच उठायचं. ते शक्य नसेल तर सुईवरचा टाका ओढून वीतभर लांब करून ठेवा. लांब टाका सहज उसवत नाही. मी फेरीचा आकडा फोनमध्ये लिहीत नाही, कारण फोन हातात घेतला की ती दहा मिनिटं तिथेच संपतात. लोकरीच्या पिशवीत कागदाची घडी आणि पेन्सिल ठेवते.

दोन_पोरांचा_बाबा (मंगळवार, सकाळी ६:१५)

मी विणतो. मुलगी दोन वर्षांपूर्वी आजारी होती तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून शिकलो. हाताला काम हवं होतं. तेव्हापासून सुटलं नाही.

काम केवढं आहे ते आधी मोजून बघा, धीर येतो. मी तुमच्या नंदीचा हिशेब मांडला. अंग सहा टाक्यांपासून दर फेरीला सहा वाढवत छत्तीसपर्यंत नेलं तर सहा फेऱ्यांत १२६ टाके. मग ३६ च्या दहा सरळ फेऱ्या, म्हणजे ३६०. मग सहा-सहा घटवत बंद करायला ९०. एकूण ५७६. डोकं ३० पर्यंतच वाढवलं आणि मान शिवायला उघडी ठेवली तर ३४२. एक पाय ११४, चार पायांचे ४५६. वशिंड, शिंगं, कान, शेपूट मिळून पावणेतीनशे धरा. सगळे मिळून साधारण १६५० टाके झाले.

नवीन हाताने मिनिटाला दहा टाके होतात. म्हणजे पावणेतीन तासांचं विणकाम. रोजची दहा मिनिटं धरली तर १७ दिवस. पाच आठवड्यांतले उरलेले दिवस उसवायला, भरायला आणि शिवायला. शिवायला वेळ लागतो, तो धरूनच चाला.

आणि डोक्यापासून सुरुवात करू नका. आधी पाय करा. बारा टाक्यांची फेरी सव्वा मिनिटात होते, कुठेही थांबता येतं. चार पाय होईपर्यंत हात एकसारखा पडायला लागतो. मेट्रोसाठी पाय आणि कान, छत्तीसच्या फेऱ्या रात्रीसाठी.

महालच्या_काकू (मंगळवार, दुपारी २:३०)

बाई, तू नंदी विणून राहिली हे वाचून फार बरं वाटलं. माह्या माहेरी काटोलकडे बैलांच्या तीन जोड्या होत्या, म्हणून सांगते. वशिंड पाठीच्या मधात नाही लावायचं, तो उंट होईल. पुढच्या पायांच्या अगदी वर, खांद्यावर लावायचं, आणि किंचित मागं कललेलं. गळ्याखालची कातडी, म्हणजे पोळी, लोंबली पाहिजे. नुसतं वशिंड लावलं आणि पोळी विसरली तर पाहणाऱ्याला काहीतरी कमी वाटते, काहून वाटते ते सांगता येत नाही. पोळी म्हणजे सपाट पट्टी, हनुवटीपासून छातीपर्यंत, मधात रुंद. दहा-बारा साखळ्या घालून वर दोन ओळी खांबाच्या, बस.

आत कापूस भर. आपल्या विदर्भात कापसाची काय कमी? आमच्या लहानपणी पिंजारी दारावर यायचा, बाहुल्या त्याच कापसाच्या.

पुण्यातली_नागपूरकर (मंगळवार, दुपारी ४:०५)

काकूंचा मान राखून सांगते, कापूस नको. मी माझ्या भाच्याचा ससा सावरीच्या कापसाने भरला होता. पहिल्या धुण्यात आत गोळे झाले आणि पावसाळ्यात चार दिवस वाळला नाही, वास बसला तो गेलाच नाही. लहान मूल तोंडात घालणार, म्हणजे धुवावं लागणारच. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा फायबर घ्या. तो धुतल्यावर पुन्हा फुलतो. थोडा-थोडा पिंजून घाला, मूठभर एकदम कोंबला की बाहेरून टेंगळं दिसतात.

लोकर अ‍ॅक्रिलिक घेतली असेल तर बदला. नागपूरच्या दमट दिवसांत हाताला घाम येतो आणि अ‍ॅक्रिलिक सुईवर करकरतं, पुढे सरकत नाही. सुती किंवा मिल्क कॉटन घ्या. आणि लेबलवर सुईचा जो नंबर असेल त्यापेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई वापरा. वीण घट्ट नसेल तर टाक्यांच्या मधून पांढरा फायबर डोकावतो.

परदेशी पॅटर्न घेतलाय म्हणून एक विचारते, तो अमेरिकन आहे की ब्रिटिश? अमेरिकन जिथे सिंगल क्रोशे लिहितात, तिथे ब्रिटिश डबल क्रोशे लिहितात. दोन्ही म्हणजे आपला मुका खांबच. माझा पहिला हत्ती यात जिराफ झाला होता.

डोळे काळ्या दोऱ्याने भरा. प्लास्टिकचे डोळे मिळतात, पण घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर नकोतच. घुंगरूही नको. गळ्यात कासरा बांधलात तर वीतभरच, लांब दोरी गळ्यात अडकते.

महालच्या_काकू (मंगळवार, दुपारी ४:४०)

धुण्याचं मी ध्यानात नाही घेतलं. बरोबर आहे तुझं. फायबरच भर, रेवाची आई.

सदर_कट्टा (बुधवार, सकाळी ९:२०)

वाईट वाटून घेऊ नका, पण मनापासून विचारतो. तुमची झोप आधीच अपुरी आहे. इतवारीत, महालात पोळ्याच्या आधी रस्त्याच्या कडेने नंदी मांडलेले असतात, मऊ बैलही दुकानात मिळून जाईल. माझी बायको असंच काहीतरी रात्री-रात्री बसून करायची आणि सकाळी तिचे हाल व्हायचे. हे एवढं करायलाच हवं का?

रेवाची_आई (बुधवार, रात्री ११:१०)

सर्वांचे खूप आभार. दोऱ्याची खूण लावली, पिन फेकली. दोन पाय झाले!

सदर_कट्टा, तुम्ही काळजीने विचारलंय, म्हणून नीट सांगते. रात्री साडेअकरानंतर मी विणत नाही, हे ठरवलंय. झोप मोडून नाही करत आहे. पण विकत आणायचा नाही. काल पहिला पाय झाला, आत काही भरलं नव्हतं. रेवाने तो बोटात टोपीसारखा घातला आणि जेवताना काढलाच नाही, वरण-भात डाव्या हाताच्या नंदीच्या पायाला भरवत होती. आज व्हॅनमधून उतरल्या-उतरल्या पहिला प्रश्न, "दुसरा झाला?" मी दिवसभर ऑफिसात काय करते हे तिला कळत नाही, सांगूनही दाखवता येत नाही. हे तिला दिसतं. सकाळी नव्हता, संध्याकाळी आहे. मला यासाठी ती दहा मिनिटं द्यायची आहेत.

मेट्रोचं सांगते. शंकरनगर येईपर्यंत बाराच्या पाच-सहा फेऱ्या निवांत होतात. समोरच्या आजींनी परवा काही न बोलता माझ्या मांडीवरून घरंगळलेली गुंडी उचलून स्वतःच्या हातात धरून ठेवली, बर्डी येईपर्यंत.

सदर_कट्टा (गुरुवार, सकाळी ८:०५)

समजलं. साडेअकराचा नियम मात्र मोडू नका.

रेवाची_आई (दहा दिवसांनी, रात्री १०:५०)

चारही पाय, कान, अंग झालं. दोन अडचणी आहेत. अंग गोल न होता षटकोनी दिसतंय, सहा बाजू चक्क मोजता येतात. आणि शिंगं सरळ येतात, आईस्क्रीमच्या कोनासारखी. आमचा जुना लाकडी नंदी समोर ठेवला आहे, त्याचं उरलेलं शिंग कसं छान आत वळलंय. तसं हवं आहे.

लोकरगुंडी (त्याच रात्री, ११:२५)

षटकोन होतो कारण दर फेरीतली वाढ मागच्या वाढीच्या बरोबर डोक्यावर येते. एका आड एक फेरीत वाढीची जागा सरकवायची. म्हणजे "तीन टाके, मग वाढ" असं सहा वेळा करायच्या ऐवजी सुरुवातीला एक टाका, वाढ, मग तीन टाके-वाढ असं करत शेवटी दोन टाके. एकूण टाके तेवढेच, वाढीच्या जागा वेगळ्या. पण उसवू नका, फायबर नीट दाबून भरला की कोपरे बरेचसे भरून येतात, शिवाय वर झूल येणार आहे.

वीण उलटी तर नाही ना, तेही बघा. बाहेरच्या बाजूला टाके इंग्रजी व्हीसारखे दिसले पाहिजेत. आडव्या रेघा दिसत असतील तर आतली बाजू बाहेर आलीय. भरण्याआधी मोज्यासारखं उलटून घ्या.

शिंगासाठी अर्ध्या फेरीत मुके खांब आणि अर्ध्या फेरीत स्लिप स्टिच घाला, दर फेरीला त्याच बाजूला. स्लिप स्टिचची उंची कमी, ती बाजू आखूड राहते आणि शिंग तिकडे वळतं. स्लिप स्टिच सैल ठेवा, नाहीतर पुढच्या फेरीत सुई आत जाणार नाही. दुसरं शिंग वेगळ्या पद्धतीने विणायचं नाही, तसंच विणून डोक्यावर उलट्या दिशेने शिवायचं.

आणि घटवताना टाक्याच्या वरच्या दोन पाकळ्यांपैकी फक्त पुढची पाकळी दोन्ही टाक्यांची घ्या, मग एकत्र विणा. भोक राहत नाही.

दोन_पोरांचा_बाबा (दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:३०)

शिवण्याआधी सगळे तुकडे टाचणीने लावून बघा, मुलं झोपल्यावर, आणि किती टाचण्या लावल्या ते मोजून ठेवा. काढताना तेवढ्याच निघाल्या पाहिजेत.

रेवाची_आई (पोळ्याच्या चार दिवस आधी, रात्री ११:०५)

नंदी उभा राहिला! म्हणजे, उभा राहून तोंडावर पडला. डोकं जड झालंय. पण त्याच्यावर घरातच उपाय निघाला. सासऱ्यांनी जुन्या लाकडी नंदीची चाकांची फळी सोडवली. लाकडी नंदी देवघराशेजारी ठेवला आणि फळीवर हा बांधला, चारही पायांना लाल दोऱ्याने. चाकं त्यांच्या वडिलांनी बसवून घेतलेली आहेत, अजून सरळ चालतात. सासरे बराच वेळ फळी पुढे-मागे ढकलत बसले होते.

झूल माझ्या जुन्या पैठणीच्या काठाची केली. शिंगांना बेगड नाही लावली, धाकट्याच्या तोंडात जाईल. त्याऐवजी टोकाच्या दोन फेऱ्या पिवळ्या दोऱ्याच्या. गळ्याखाली पोळी आहे, काकू. ती लावण्याआधीचा आणि नंतरचा नंदी बघितला. तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं आहे.

महालच्या_काकू (दुसऱ्या दिवशी, दुपारी १:५०)

डोळे भरून आले बाई. तान्हा पोळा आपल्या नागपूरचा. १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी लेकरांसाठी सुरू केला असं आमच्या महालात जुनी माणसं सांगतात. लाकडाचे नंदी खूप पाहिले, विणलेला पहिल्यांदा पाहीन. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पोरीच्या हातून खांदशेकणी करून घे. हळद-तूप लावून आवतण द्यायला सांग, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." फोटो टाक.

रेवाची_आई (तान्ह्या पोळ्याच्या रात्री, १०:३०)

फोटो टाकते आहे. सोसायटीत एकवीस नंदी होते, एकोणीस लाकडी, एक मातीचा आणि हा. सकाळी मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारीकडचे रस्ते बंद, म्हणून मावशींकडे जाता आलं नाही, पण आमच्या दोन्ही विंगांमध्ये दारोदार फिरून झालं. बोजारा (नंदी घेऊन आलेल्या मुलांना घरोघरी देतात तो खाऊ-पैसा) एकशे दहा रुपये, दोन चॉकलेटं आणि एक पेन्सिल. पेन्सिल तिने मला दिली, "फेरी लिहायला."

आता मदत हवी आहे. काकूंनी सांगितल्याप्रमाणे खांदशेकणी केली. मी वाटीत चिमूटभर हळद दिली होती. रेवाने आवतण तर दिलंच, पण खांदा अगदी खऱ्या बैलासारखा चोळला. वशिंडापासून पुढच्या पायापर्यंत पांढऱ्या सुतावर पिवळा हात उमटलाय, पाचही बोटं दिसतात. वरून तूप. धुवू कसा? साबण लावायला हात लावला तर डाग लाल व्हायला लागला, म्हणून थांबले.

पुण्यातली_नागपूरकर (त्याच रात्री, १०:५५)

थांबलात ते बरं केलंत. हळद साबणाने लालच होते. लाल झालेल्या जागी दोन थेंब लिंबू लावा, पुन्हा पिवळी होईल. तुपाचं म्हणाल तर कोरड्या कपड्याने टिपून घ्या आणि वर डाळीचं पीठ भुरभुरा, रात्रभर राहू द्या, सकाळी झटका. मग ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. ढग नसतील तर तीन-चार दिवसांत फिका पडेल.

महालच्या_काकू (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:४०)

तूप काढ, नाहीतर मुंग्या लागतील. हळद राहू दे.

रेवाची_आई (दुसऱ्या दिवशी, रात्री ९:५०)

बेसन लावून तूप निघालं. उन्हात ठेवायला गॅलरीत नेला तर रेवाने विचारलं, "माझा हात जाईल का?" मग परत आत आणला. आत्ता तिच्या कुशीत आहे, फळीवरून सोडवलेला. लाल दोरा कापला नाही, गाठ सोडून गुंडाळून ठेवलाय. फळीवर लाकडी नंदी परत बसवला.

लोकरगुंडी, उरलेली पांढरी लोकर पाऊण गुंडी आहे. धाकटा दोन दिवस झाले नंदीचा कान धरून ओढतोय, त्यालाही हवाय. कासव त्यात बसेल का? पायांपासूनच सुरू करते.